मधली भिंत

कंत्राटदाराला सगळी गल्ली ‘झालंच’ म्हणून ओळखायची. काहीही विचारा, “झालंच समजा!” हे उत्तर ठरलेलं. पण माणूस लबाड नव्हता. उशिरा का होईना, आला की जीव ओतून काम करायचा.

मास्तरीणबाईंनी त्याला बोलावलं ते नवऱ्यासाठी. नवरा शिंपी. जन्मभर मशीनवर वाकून बसलेला माणूस आधी विसराळू झाला, मग न्हाणीघरात पडला आणि चाकाच्या खुर्चीत आला. डॉक्टर म्हणाले, घरात खुर्ची फिरली पाहिजे, उंबरे काढा, न्हाणीघर मोठं करा. काम होईपर्यंत नवऱ्याला धाकट्या दिरांकडे ठेवलं.

झालंचनं घरभर फिरून भिंतींवर टिचक्या मारल्या. “वहिनी, न्हाणीघर होईल. पण खरा अडसर ही मधली भिंत आहे. खुर्ची वळणार नाही. पाडू या?”

“पाडा,” बाई म्हणाल्या. क्षणभरही विचार केला नाही.

भिंत पडली. घरभर धूळ. डाळीच्या डब्यात धूळ, उशीच्या अभ्र्यात धूळ. बाई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सतरंजी टाकून झोपायच्या. फरशीवाला यायचा तर नळवाला नाही, नळवाला यायचा तर पाणी नाही. पण बाईंनी कधी तोंड वाकडं केलं नाही. दिरांकडे फोन करून नवऱ्याला सांगायच्या, “अहो, थोडंच राहिलंय. न्हाणीघर असं झालंय ना, राजासारखे बसाल!” पलीकडून तो म्हणायचा, “मला घरी ने.” त्या एका वाक्यावर बाई पुढचा दिवस ढकलायच्या.

अखेर घर झालं. खरंच सुंदर झालं. फरशी एकसलग, कुठे ठेच लागायला जागा नाही. न्हाणीघरात धरायला दांडे. कोंदट माजघर गेलं आणि थेट मागच्या खिडकीपर्यंत उजेड आला. झालंच स्वतः फडकं घेऊन काचा पुसत होता.

दिरांनी खुर्ची आत ढकलली. नवऱ्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग हळूच बाईंना म्हणाला, “कोणाचं घर आहे?”

“आपलंच, अहो!”

“छे. आपल्या घरात शिरलं की समोर भिंत आहे. डाव्या हाताला माझं मशीन. चल, उगाच लोकांना कशाला त्रास.”

त्याला सगळं विसरायला झालं होतं. धाकट्या भावाचं नाव, स्वतःचं वय, जेवलो की नाही ते. पण घर मात्र वीत-वीत पाठ होतं. आणि तेवढं एकच बाईंनी घणानं फोडून घेतलं होतं.

दोन-चार दिवसांत रुळेल, असं सगळे म्हणाले. तो रुळला नाही. जेवण पुढे आलं की संकोचायचा. “नको, घरी जाऊन जेवू.” खुर्चीची चाकं ढकलत वळायचा आणि दाराकडे तोंड करून बसायचा.

बाईंनी झालंचला पुन्हा बोलावलं.

“भिंत परत बांधून द्या.”

पहिल्यांदाच तो ‘झालंच समजा’ म्हणाला नाही. “बांधतो, वहिनी. पण खुर्ची अडेल.”

“अडू दे.”

त्यानं बांधली. होती तिथेच, तेवढीच उंच, तोच फिका हिरवा रंग शोधून आणून. डाव्या हाताला मशीनही ठेवलं. ह्या खेपेला मजुरीचा विषय त्यानं काढू दिला नाही.

रंग वाळल्यावर बाई खुर्ची भिंतीपाशी घेऊन गेल्या. नवऱ्यानं हात पुढे केला आणि कापडाचा पोत बघावा तसा चार बोटांनी भिंतीवरून फिरवला.

“माल चांगला आहे,” तो म्हणाला. “पण हे आमचं नाही.”

झालंच दारात उभा होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. टोपी काढून हातात चुरगाळत तो पायऱ्या उतरून गेला.

आता भिंतीमुळे खुर्ची वळत नाही. बाई ती मागे ओढतात, तिरकी करतात, पुन्हा पुढे ढकलतात. कोपराची सालटी निघालीत. नवऱ्याला त्यांची दया येते.

काल संध्याकाळी त्यानं त्यांना हात जोडले. “बाई, फार केलंत माझ्यासाठी. आता मंडळी येईल माझी न्यायला. भोळी आहे हो ती, पत्ता चुकली असेल.”

बाई खाली त्याच्या पायाशी बसल्या.

“कशी दिसते तुमची मंडळी?” त्यांनी विचारलं.

तो सांगायला लागला. बाईंनी पदर तोंडात कोंबला आणि ऐकत राहिल्या.