पाणबुडी वर का येते

प्रश्न विचारून सर थांबले आणि कॅमेऱ्यामागच्या बाईंना वाटलं, हे विसरले.

प्रश्न असा होता की अणुपाणबुडीचं इंधन वर्षानुवर्षं पुरतं. श्वासाला लागणारा प्राणवायू ती समुद्राच्या पाण्यातूनच तयार करते, प्यायचं पाणीही तिथूनच काढते. मग तिला शेवटी वर यावं लागतं, ते कशासाठी? एवढं बोलून सर खडू बोटांत फिरवत रिकाम्या बाकांकडे बघत उभे राहिले. बाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मग त्या हळूच म्हणाल्या, "सर, कागद देऊ का?"

"कागद कशाला?"

"उत्तर आठवत नसेल तर बघून वाचा. चालतं तसं."

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उभं आयुष्य सामान्य ज्ञान शिकवण्यात गेलं आणि आता कागद बघून वाचायचं. मुलांना विचार करायला वेळ देतोय, असं त्यांनी जरा घुश्शातच सांगितलं. बाईंनी मान वळवून रिकाम्या वर्गावर एक नजर टाकली. पण बाई शहाण्या होत्या, त्यांनी कॅमेरा चालूच ठेवला.

टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर हा स्पर्धा परीक्षांचा क्लास, आणि तिथल्या तासांचं आता मोबाइलवर दाखवण्यासाठी चित्रण चाललं होतं. गणिताच्या सरांचा फोटो जिन्यातल्या फलकावर, बुद्धिमत्ता चाचणीच्या मॅडमचा त्यांच्या शेजारी. आमच्या सरांचा फोटो कुठेच नव्हता. उरलंसुरलं सगळं त्यांच्या गळ्यात होतं: आंतरराष्ट्रीय संघटना, संरक्षण, ऊर्जा आणि प्राचीन भारतीय साहित्य. ही मोट कोणी बांधली देव जाणे, पण सरांनी ती बिनतक्रार ओढली. तेल विकणाऱ्या देशांची संघटना आणि अणुऊर्जेवर नजर ठेवणारी संस्था या त्यांच्याकडे एकाच गावात बिऱ्हाड केलेल्या दोन जावा असायच्या. गाव व्हिएन्ना. त्यातल्या अणुऊर्जेवाल्या थोरल्या जावेने घर मांडलं तेही अशा देशात, ज्याने पुढे अणुवीजकेंद्र बांधलं खरं पण कधी सुरूच केलं नाही. हे एकदा ऐकलेला माणूस व्हिएन्ना विसरत नसे.

पण त्यांची खरी खोड म्हणजे थांबणं. प्रश्न विचारला की हुशार मुलांना ते हात खाली ठेवायला लावत आणि शेवटच्या बाकावर काही हालचाल होईपर्यंत गप्प उभे राहत. पंखा फिरायचा, खालच्या दुकानातून चाकात हवा भरल्याचा आवाज यायचा, पुढच्या बाकावरचे सुस्कारे सोडायचे. अभ्यासक्रम कधी वेळेवर संपायचा नाही. त्यावरून दरवर्षी बोलणी खायची आणि दरवर्षी पुन्हा थांबायचं.

सध्या ते थांबत होते सिस्टरसाठी. इस्पितळातली ड्यूटी संपवून ती संध्याकाळच्या वर्गाला यायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि डोळे मिटणार नाहीत याची काळजी घ्यायची. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची परीक्षा. तिला उत्तर उशिरा यायचं, पण आलं की पक्कं असायचं. आधी तिचा हात खांद्यापर्यंत यायचा, तिथे घुटमळायचा आणि मग वर जायचा. त्या घुटमळण्याच्या वेळी वर्गात कोणी बोललं तर सर खेकसायचे.

चित्रण संपल्यावर संचालकांनी त्यांना आत बोलावलं. संचालक म्हणजे सरांचाच जुना विद्यार्थी. चारचौघांत सर त्याला अहो-जाहो करत, एकट्यात अरे-तुरे. त्याने चहा मागवला, तब्येतीची चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आला. बाईंची तक्रार होती की निम्मं चित्रण शांततेचंच आहे, ते सगळं कापावं लागणार.

"कापू नकोस," सर म्हणाले. "ते कापलंस तर राहतं काय?"

"माहिती राहते ना, सर. मोबाइलवर बघणारा माणूस इतका वेळ थांबत नाही. त्याला वाटतं, अडकलं."

"तू थांबायचास की."

संचालक हसला. हसणं खोटं नव्हतं. याच वर्गात त्याच शेवटच्या बाकावर तो तीन वर्षं बसला होता, आणि सगळ्या क्लासमध्ये सर सर्वांत जास्त थांबले असतील तर ते याच्यासाठी. एकदा तर राजा संस्कृतात बोलतो आणि राणी प्राकृतात उत्तर देते, अशी नाटकं प्रेक्षकांना कशी कळत असतील, या प्रश्नावर तास संपला तरी सर उभेच होते. शेवटी हा म्हणाला होता, दोन्ही भाषा रोज सगळ्यांच्या कानावर पडत असणार. त्या दिवशी सरांना कोण आनंद झाला होता.

"तेव्हा वेळ होता, सर," संचालक म्हणाला. "तेव्हा या गल्लीत आपला एकच क्लास होता."

सरांनी मग फार ताणलं नाही. काय कापायचं ते काप, पण संध्याकाळचा वर्ग माझ्याकडे राहू दे, एवढाच शब्द त्यांनी टाकला. बघू, असं संचालक म्हणाला. तोंडावर नाही म्हणवत नसलं की तो वर्गात होता तेव्हापासून बघूच म्हणत असे, हे सरांना ठाऊक होतं. तरी ते आशेवर घरी गेले.

घरी बायकोला सगळं सांगताना त्यांचा आवाज चढत गेला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "माझ्याशी बोलताना थांबला असतात कधी तर दोन वाक्यं माझीही झाली असती." सरांना हसू यायला हवं होतं. आलं नाही. ते उठून खिडकीपाशी गेले आणि तिथे उभं राहून त्यांनी उगीचच पडदा सारखा केला.

संचालकाचा फोन आठवड्याने आला. सोमवारपासून संध्याकाळच्या वर्गाला पडद्यावर तास दाखवणार, तुम्ही आता आराम करा. आवाजात आदर ओतप्रोत होता. सरांना वाटलं, यापेक्षा याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी ते आपला चहाचा मग आणायला गेले. निदान स्वतःला त्यांनी तसं सांगितलं. वर्गाचं दार किलकिलं होतं. आत भिंतीवरच्या पडद्यावर त्यांचाच चेहरा, होता त्यापेक्षा मोठा आणि गोरा. पडद्यावरचे सर पाणबुडीपाशी आले होते.

"...मग तिला शेवटी वर यावं लागतं, ते कशासाठी?"

शेवटच्या बाकावर सिस्टरचा हात निघाला आणि खांद्यापाशी आला.

"आतल्या माणसांचं जेवण संपतं म्हणून," पडदा लगेच म्हणाला. "आता पुढचा मुद्दा, सुरक्षा परिषद."

हात खांद्यापाशीच राहिला, मग मांडीवर गेला.

सर दार ढकलून आत गेले. रिमोट चालवणं त्यांना कधीच जमलं नव्हतं, म्हणून त्यांनी सरळ भिंतीतला प्लग ओढून काढला. पडदा काळा झाला. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता.

"हं, सिस्टर," सर म्हणाले. "बोला. मी थांबलोय."

सिस्टर उभी राहिली. ओशाळून तिने इकडेतिकडे पाहिलं.

"आता काय बोलू, सर?" ती म्हणाली. "उत्तर तर तुम्हीच सांगून टाकलंत."

सर प्लग हातात धरून उभे राहिले. तो मी नव्हे, असं म्हणावंसं त्यांना वाटलं, पण आवाज त्यांचा होता, चेहरा त्यांचा होता. थोड्या वेळाने पुढच्या बाकावरून कोणीतरी अदबीनेच म्हणालं, "सर, लावता का परत? सुरक्षा परिषद राहिलीय."

सरांनी वाकून प्लग खोचला. तास पहिल्यापासून सुरू झाला. पडद्यावरच्या सरांनी हात जोडून नमस्कार केला आणि खऱ्या सरांनी टेबलाच्या खणातून आपला मग काढून घेतला. दारातून बाहेर पडायला ते मुद्दाम उशीर करत होते. पाणबुडीचा प्रश्न पुन्हा येईपर्यंत ते दाराशी रेंगाळले.

प्रश्न आला. सिस्टरने हात वर केला नाही. तिने पेनाचं टोपण काढलं आणि उत्तर उतरवून घ्यायला मान खाली घातली.