सोळाचे बत्तीस

कर्करोग विभागातल्या भौतिकतज्ज्ञ बाईंनी दिलेला शब्द त्यांच्याच अंगाशी आला होता.

कोणत्या रुग्णाला किती किरण, कुठून द्यायचे याचं गणित कॉम्प्युटर करायचा. एकेकाला दीड तास लागे. काल संध्याकाळी बाईंनी एक सेटिंग चालू केली. प्रोसेसरमध्ये गणित करणारे सोळा भाग, म्हणजे कोअर होते; एकेकावर एकाच वेळी दोन-दोन कामं चालू लागली, स्क्रीनवर सोळाचे बत्तीस दिसले. स्कॅनची चित्रं उघडून पाहिली, तर ती खरंच भराभर आली. बाई हरखल्या. मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "आता दिवसाला चारऐवजी सहा जणांचं होईल." डॉक्टरांनी लगेच दुसऱ्या दिवशीसाठी सहा जण बोलावले.

आज दुपारचे तीन वाजले, तरी चौथ्याचं गणित अर्ध्यावरही आलं नव्हतं. एकेकाला पावणेदोन तास लागत होते.

कॉम्प्युटर सांभाळणारे अण्णा आले.

"अहो, बत्तीस असून उलट उशीर कसा?" बाईंनी विचारलं.

"बत्तीस कुठले, सोळाच. एक काम मेमरीतून माहिती यायची वाट बघत बसलं की तेवढ्यात दुसरं आपलं उरकून घेतं, एवढाच फायदा. चित्रांना वाट बघावी लागते, म्हणून तिथे जमलं. तुमच्या गणिताला उसंतच नाही. मग दोघं एकाच जागेसाठी भांडत बसतात."

"मी चित्रांवरूनच ठरवलं..."

"गणितच चालवून बघायचं होतं, बाई."

बाई उठल्या. तशाच त्या डॉक्टरांकडे गेल्या. "आज सहा होणार नाहीत. चूक माझी आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाहेर दोघं बसलीयेत. त्यांना कोण सांगणार?"

"मी."

बाकावर एक निवृत्त शिक्षक होते. घशाच्या आजाराने त्यांचा आवाज गेला होता. त्यांची बायको म्हणाली, "सकाळपासून धीर देऊन बसवलंय हो यांना. परत कसं आणू?" बाईंनी सोमवारची वेळ कागदावर लिहून दिली. शेजारी बसलेली, शिवणकाम करणारी एक स्त्री एकटीच आली होती. तिने ऐकलं, पिशवी उचलली आणि निघून गेली.

सेटिंग बंद झाली. सोमवारी शिक्षकांना पहिला डोस मिळाला. ती शिवणकाम करणारी मात्र आलीच नाही. बाईंचा फोन तिने दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा म्हणाली, "खरंच होणार असेल तरच येते."

बाईंनी फोन न ठेवता तिचं पूर्ण झालेलं गणित उघडून पाहिलं, आणि मगच म्हणाल्या, "या."