पुलाखालची भोकं

जरा पंखा बंद कराल का? नको, राहू द्या. सवय झालीय. मी नववीच्या वर्गातली कापडी पट्टी बोलतेय. दोन टोकांना खिळे आणि मधे नुसती फडफड. स्वस्थ बसणं माझ्या नशिबीच नाही.

आधी मी शाळेच्या सभागृहाचा पडदा होते. फाटले, तेव्हा शिपाईकाका मला फरशी पुसायला घेऊन निघाले होते. इतिहासाच्या बाईंनी मला त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं.

"काका, हिच्यावर मला सगळा इतिहास मांडायचाय."

"मांडा की. पण मग मी फरशी कशानं पुसू?"

बाईंनी मला धुतलं, लांब कापलं, कडा दुमडून शिवल्या. डावीकडे पहिली शेती, मग राजे, लढाया, छापखाना, आगगाडी, आणि पार उजवीकडे आमच्या गावचा नदीवरचा मोठा पूल, सोनेरी दोऱ्यानं. सगळ्यात वर 'काळपट्टी' असं नाव घालायचं होतं. ळ भरता भरता लाल दोरा संपला आणि घाईघाईत त्याचा ल होऊन बसला.

वर्गात एक मुलगा होता. प्रत्येक गोष्टीत वाद घालायचा म्हणून सगळे त्याला वकील म्हणायचे. त्यानं मला मोठ्यानं वाचलं, "कालपट्टी! बाई, ही कालची, मग आजची कुठंय? काल मी काय जेवलो तेही यात घालायचं का?"

वर्ग खिदळला. बाईही हसल्या. "घाल की. पण पुरावा आण."

थट्टेतला शब्द बाईंनी मनावर घेतला. त्यांनी सांगितलं, प्रत्येकानं आपल्या घरातला एक 'काल' आणायचा, पुराव्यासकट, आणि स्वतःच्या हातानं माझ्यावर टाचायचा. कुणी आजीच्या दवाखान्याची चिठ्ठी आणली, कुणी बंद पडलेल्या कारखान्याचा बिल्ला. मुलांच्या बोटांना सुया लागल्या. मला गुदगुल्या व्हायच्या, टोचायचंही.

मागून तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिचे आजोबा पूल होण्याआधी नदीत नाव चालवायचे, म्हणून मुलं तिला नावाडीण म्हणून चिडवायची. तिनं वल्ह्याची मूठ आणली. आजोबांच्या बोटांनी लाकडात खोलगट खाचा पडल्या होत्या. वकिलानं आपली बोटं त्यात बसवून पाहिली आणि वाद न घालता मूठ दोन्ही हातांनी तिला परत दिली. मग तिनं सोनेरी पुलाच्या खाली निळ्या दोऱ्यानं लिहिलं: नाव बंद. आजोबा घरी.

त्या दिवसापासून ती बाईंच्या प्रश्नांना हात वर करू लागली. तोवर तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता.

मग शाळेची तपासणी जाहीर झाली. मुख्याध्यापक, म्हणजे मोठे सर, माझ्यासमोर उभे राहिले. "बाई, पुलाखाली हे काय? पूल म्हणजे गावाचा अभिमान. त्याच्याखाली हे रडगाणं कशाला?"

"सर, तिनं पुरावा आणलाय."

"परीक्षेत पूल येतो बाई, कुणाची नाव येत नाही. उद्या तपासणीच्या साहेबांसमोर मला हे दिसायला नको."

वर्ग रिकामा झाल्यावर बाई कात्री घेऊन आल्या. मी फडफडले, अंग चोरलं, पण खिळ्यांपुढे माझं काय चालणार? त्या एकेक टाका उसवत होत्या आणि मधेच थांबून खिडकीपाशी जाऊन येत होत्या. निळा दोरा त्यांनी बोटाला गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला.

सकाळी मुलगी आली, तिनं पुलाखाली पाहिलं आणि दप्तर उचलून शेवटच्या बाकावर जाऊन बसली. बस्स. रडली नाही, भांडली नाही. तिचा हात मात्र पुन्हा वर गेला नाही.

साहेब आले, दारातूनच "वा, छान!" म्हणाले आणि चहाला गेले. माझ्याकडे त्यांनी धड पाहिलंसुद्धा नाही.

पण बाईंचा पाय काही वर्गात ठरेना. शिकवता शिकवता पुलापाशी आल्या की त्यांची छडी उडी मारून पुढे जायची. मलाही चैन नव्हतं. पंख्याचा वारा त्या बारीक भोकांतून जायचा आणि तेवढीच जागा गार पडायची.

एके दिवशी बाईंनी पुस्तक मिटलं. "उठा. सगळे पट्टीजवळ या. डोळे मिटून इथं बोट फिरवा."

"भोकं लागतायत," कुणीतरी म्हणालं.

"म्हणजे काय?"

"इथं काहीतरी लिहिलेलं होतं."

"मग कुठं गेलं?"

वकिलानं घसा खाकरला. "बाई, तुम्ही काढलंत."

"पुरावा?"

तो पट्टीकडे वळून पुरावा शोधू लागला. तेव्हा बाईंनी स्वतःच पर्स उघडली आणि निळा दोरा तळहातावर ठेवला. टाक्यांची वळणं त्यात अजून तशीच होती. शेवटच्या बाकाकडे पाहत त्या म्हणाल्या, "मी काढलं. सरांना घाबरले, गं."

मग मुलगी उठली, पुढे आली, दोरा घेतला.

"त्याच भोकांतून परत घाल," बाई म्हणाल्या.

"नको बाई. भोकं राहू देत. मी शेजारी घालते."

तिनं त्याच दोऱ्यानं पुन्हा लिहिलं: नाव बंद. आजोबा घरी. दोरा संपला. तिनं क्षणभर विचार केला आणि नवा दोरा ओवून खाली आणखी एक ओळ घातली: हे एकदा उसवलं होतं.

"आता झाला इतिहास," वकील पुटपुटला. बाईंनी त्याला गप्प केलं नाही.

मोठ्या सरांनी अजून मला पाहिलेलं नाही. त्यांच्या बुटांचा आवाज आला की मी खिळ्यांसकट थरथरते. उद्या कदाचित ते मला उतरवतील, काकांच्या फरशीची सोय होईल. म्हणून तुम्हाला एवढंच सांगते, कधी या वर्गात आलात तर लांबून "छान" म्हणू नका. जवळ या. सोनेरी दोऱ्यावरून बोट फिरवा, आणि ते जरा खाली न्या.

भोकं लागतील. तिथं थांबा.