पाठीवरचं फूल

देयानिराचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. दारिएनच्या जंगलात नदीकाठी एम्बेरा लोकांचं गाव आहे, तिथली ती. आमचं छोटं जहाज प्रवाशांना घेऊन तिथे थांबतं. माझा नवरा रुतिलियो त्यांना माकडं, मगरी दाखवायला होडीतून नेतो, आणि ही बया काठावर उभी राहून दात काढते. मी जहाजावर स्वयंपाकीण. भाताच्या पातेल्यापाशी मला तिचं हसणं ऐकू येतं. गाव लांब आहे हे मलाही कळतं, पण ऐकू येतं.

या खेपेला गावाहून परतल्यावर संध्याकाळी त्यानं शर्ट बदलला आणि पाठीवर फूल दिसलं. बोटानं काढलेलं, फिकट राखाडी. जाग्वाच्या फळाचा रस तो. एम्बेरा बायका पाहुण्यांच्या हातांवर त्याची नक्षी काढतात. लावताना पाण्यासारखा असतो, सकाळपर्यंत काळाकुट्ट होतो. आता मला सांगा, स्वतःच्या पाठीवर कुणी स्वतः फूल काढतं का? आणि शर्ट न उतरवता ते काढता येतं का?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विचारलं तर म्हणाला, गर्दीत कुणीतरी पोरानं काढलं असेल. पोरानं म्हणे! मी ठरवून टाकलं, दोन समुद्र जोडणारा कालवा पार करून कोलोनला घरी पोचलो की याचं बोचकं दाराबाहेर.

ओतिलियापाशी जाऊन मी रडले. लहानपणची मैत्रीण, बाप्तिस्म्यात माझ्या लेकीची धर्ममाता झालेली. मीच शब्द टाकून तिला जहाजावर खोल्या आवरायच्या कामाला लावलं होतं. पहिलीच खेप तिची. प्रवाशांचं जेवण घेऊन त्या दिवशी गावात तीच गेली होती. फुलाचं मी तिला सांगितलं नाही, लाज वाटली. एवढंच म्हटलं की देयानिरानं माझा संसार नासवला. तिनं माझे डोळे पुसले. म्हणाली, त्या जंगलातल्या बायका तसल्याच, तू सोड त्याला, मी आहे ना.

सकाळी जहाज कालव्याच्या पहिल्या दारांतून आत शिरलं. पाणी भरत गेलं तसं जहाज वर चढायला लागलं, डेकवर प्रवासी टाळ्या पिटत होते. रुतिलियो दोरांपाशी होता. मी केळी तळत होते, तेवढ्यात ओतिलिया आत आली.

"इस्मे, एक लिंबू दे गं. काय लागलंय कुणास ठाऊक, साबणानं घासून घासून थकले."

तिनं उजवा हात पुढे केला. तर्जनी पेरापर्यंत काळी.

मी बघतच राहिले. देयानिराच्या गावातल्या बायकांच्या रेघा कशा सरळ असतात, आणि ते फूल केवढं वाकडंतिकडं होतं. माझ्या डोळ्यांत देयानिरा खुपत होती ना, दुसरं काही दिसलंच नाही.

"लिंबानं नाही जायचं ते," मी म्हटलं.

"मग कशानं जाईल?"

"कशानंच नाही. पंधरा दिवस राहतं. त्याच्या पाठीवरचंही राहील."

ओतिलियानं हात ॲप्रनखाली घेतला. आणि मेलं कोलोन अजून दिवसभर लांब होतं.