चतुराबाईचं हापिस

खोली झाडून झाली तसा चतुराबाईनं खोचलेला पदर सोडला आणि मच्छिंद्रच्या हातून युनियनची पाटी घेतली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. घरमालक काकासाहेब दारातच थांबले.

"पाटी तेवढी लावू नका."

जुन्या जालन्यातल्या त्यांच्या कापडदुकानावरची ही खोली. टेबल ठेवलं तर दोन माणसं कशीबशी मावतील. परवा काकासाहेबांनी हसत होकार दिला होता, किल्लीही आपल्या हातानं दिली होती.

"काय झालं, काका?"

"भाचा येऊन राह्यला औरंगाबादहून. त्याला लागती खोली."

"परवा नव्हता का भाचा?" मच्छिंद्रनं विचारलं.

काकासाहेब नुकत्याच झाडलेल्या फरशीकडे बघत राहिले. मग आवाज उतरवून म्हणाले, "जिनाचा मुनीम आल्ता सकाळी. माझा समदा माल त्यांच्याच ट्रकनं येतो. समजून घ्या, बाई."

चतुराबाईनं किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. केर मात्र तिनं सुपलीत भरला, खाली नेऊन टाकला आणि मगच रस्त्याला लागली.

जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, चतुराबाईसारख्या बायका कापूस निवडायच्या आणि लेकरं गंजीच्या कडेला निजवायच्या. दिवाळीनंतर एक गंजी घसरली ती उषाबाईच्या तान्ह्या लेकीवर. बायकांनी हातांनी उकरून पोर बाहेर काढली. ती जगली, पण तेव्हापासून तिची छाती घरघरत होती. लेकरांसाठी वेगळी शेड मागायला बायका गेल्या, तर मॅनेजर हसला. "जिन आहे बाई, बालवाडी नाही." तिथून बाहेर पडतानाच युनियनचं ठरलं. तिथंच कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसवर काम करणाऱ्या मच्छिंद्रला लिहिता-वाचता येत होतं. त्यानं कागद जमवले. अडलं होतं ते फक्त ऑफिसच्या पत्त्यावर.

त्या दिवशी दोघांनी कापडगल्ली, भुसारगल्ली पालथी घातली. कुणाकडे भाचा निघाला, कुणाला गोदाम करायचं होतं. एकाच्या खोलीत तर, तो म्हणाला, भूत होतं.

"पत्त्याबिगर नोंदणी न्हाई, अक्का," मच्छिंद्र दमून ओट्यावर टेकला. "यंदा राहू द्या."

"मंग लेकरांना सांगू का, यंदा दम धरा म्हणून?"

चतुराबाईनं नोंदणीचा कागद त्याच्यापुढं धरला.

"लिही. माझ्या घराचा पत्ता लिही."

घर म्हणजे एकच खोली, कोपऱ्यात चूल. दारावर पाटी ठोकली गेली तेव्हा सासू सोनूबाईनं गल्ली डोक्यावर घेतली. "घराचं हापिस केलं बयेनं! मी आता कुठं जाऊ?" चतुराबाई खिळा ठोकतच राहिली.

नोंदणी झाली. ऐन हंगामात बायका काम टाकून जिनाबाहेर येऊन बसल्या. फाटकापासून कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. गाडीवाले आधी बायकांवर खेकसले, मग कारण कळल्यावर मॅनेजरवर खेकसू लागले. शेवटी मुनीम बाहेर आला.

"चतुराबाई, साहेबांनी ऑफिसात बोलावलंय. जल्दी चला."

ती उठायला लागलीच होती. इतकी वर्षं हाक आली की ती उठत आली होती. पण तिनं तळहात मातीवर दाबला आणि तशीच बसून राहिली.

"युनियनलाबी हापिस हाय. साहेबांना म्हणावं, तिथं या."

मुनीम आल्या पावली परत गेला.

दुसऱ्या दिवशी काही गाड्या दुसऱ्या जिनाकडे वळल्या आणि मॅनेजर आला. जीप गल्लीत शिरेना, म्हणून गटार ओलांडत चालत आला. दार ठेंगणं. वाकून आत आला आणि घोंगडीवर बसला. सोनूबाई भाकरी थापत होती. ती ना उठली, ना थांबली. लाकडं ओली होती. मॅनेजरचे डोळे वाहू लागले.

"खिडकी नाही का इथं?"

"न्हाई, साहेब," चतुराबाई म्हणाली. "लेकरं निजतात तिथंबी न्हाई."

तो बराच वेळ खोकत राहिला. दाराशी बायका दाटून उभ्या होत्या. कुणी हलत नव्हतं. शेवटी त्यानं खिशातून पेन काढलं. संक्रांतीच्या आत शेड बांधायची, लेकरांकडे बघायला एक बाई ठेवायची. मच्छिंद्रनं दोन्ही कलमं कागदावर उतरवून मोठ्यानं वाचून दाखवली, मग मॅनेजरनं सही केली.

त्याची जीप दिसेनाशी झाली आणि गल्लीत एकच गलका उठला. कुणी थाळ्या बडवल्या, कुणी गुळाचा खडा चतुराबाईच्या तोंडात कोंबला. उषाबाई लेकीला उराशी धरून एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. चतुराबाई आत येऊन भिंतीला टेकली.

सोनूबाईनं तव्यावरची शेवटची भाकरी उतरवली. खोलीभर नजर फिरवली.

"चतुरे, उद्या चूल बाहेर मांड."

"का वं, आत्याबाई?"

"आता लोकं येतील रोज. हापिसात धूर बरा दिसतो का?"