काळेवाडीतल्या बाळंतिणीची बाज

मी बाज बोलतेय. बाभळीचे पाय आणि सुती दोरीची वीण. केजच्या एका सुताराने मला रुक्मिणीबाईंच्या पहिल्या बाळंतपणासाठी घडवलं. त्यांची तिन्ही बाळंतपणं माझ्यावरच झाली. पुढे मधला मुलगा सुजित चाकणच्या कंपनीत लागला आणि सामानाच्या टेम्पोतून मीही काळेवाडीत आले.

दोन खोल्यांत मला जागा कुठली! भिंतीला टेकून उभी असायचे. सून विजयश्री बाळंत झाली, तेव्हा रुक्मिणीबाईंनी मला नव्याने विणून घेतलं, खाली शेगडी ठेवली. घरभर ओव्याच्या धुरीचा वास. आपले दिवस आले, असं मला वाटलं.

विजयश्री मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बाळ रडलं की तिचं अंग ताठ व्हायचं. बाळ झोपलं तरी तिला झोप नसायची. उशी ओली व्हायची, पण आवाज फुटायचा नाही.

"लेकरू सोन्यासारखं हाय. कशाला रडायलीस? दूध आटंल," रुक्मिणीबाई म्हणायच्या. सुजित शिफ्टवरून येई, बाळाचा फोटो काढी आणि थकून झोपी जाई. वाईट त्यांच्यातलं कुणीच नव्हतं.

अठराव्या दिवशी दुपारी आशा कार्यकर्ती सुमनताई बाळाचं वजन करायला आल्या. वजन वहीत लिहून त्या माझ्या कडेवर टेकल्या.

"बाळाचं झालं. आता तुझं सांग."

विजयश्रीने भिंतीकडचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. मग म्हणाली, "ताई, मी नसले तर बाळाचं अडेल का?"

सुमनताईंनी तिचा हात धरला. "जीव द्यावासा वाटतो का गं?"

तिने मानेनेच हो म्हटलं.

ओट्याशी उभ्या असलेल्या रुक्मिणीबाईंनी गॅस बंद केला आणि त्या बाहेर आल्या. आता त्या रागावतील, असं मला वाटलं. त्या माझ्या पायाशी जमिनीवर बसल्या.

"ह्या सुजितच्या वेळी मला बी असंच झालतं. आडाच्या काठावर जाऊन बसायची मी. सासूनं बाधा म्हणून अंगारा लावला."

मला ते ठाऊक होतं. पण बाजेला तोंड कुठे असतं!

"बाधा नाही, मावशी. आजार आहे, औषधाने बरा होतो. पण आजच जायचं, आणि हिला एकटं सोडायचं नाही."

सुजितला शिफ्टवरून बोलावलं आणि सगळे रिक्षाने दवाखान्यात गेले. अंगावर पाजतानाही चालतील अशा गोळ्या डॉक्टरीणबाईंनी दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. दूध पाजून झालं की बाळ सुजितकडे, म्हणजे तिला सलग झोप मिळे. लगेच काही पालटलं नाही. महिना उलटल्यावर एका सकाळी ती म्हणाली, "आई, ही बाज फार टोचते हो."

रुक्मिणीबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदाच काही टोचलं होतं.

आता बाळ रांगतं. माझी दोरी सैल झालीय, एक पाय डुगडुगतो. परवा सुजित आईशेजारी माझ्यावर येऊन बसला.

"आई, माझ्या वेळचं तू कधी बोलली नाहीस."

रुक्मिणीबाई नातवाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.

"कुणी इचारलंच न्हाई, बाळा."

मी फक्त पाठ टेकायला जागा देऊ शकते. विचारायचं काम तुमचं.