ट्युबाने उचललेला नाच

दातांच्या डॉक्टरीणबाईंना एकच वेड होतं: युरोपातल्या चारपाचशे वर्षांपूर्वीच्या नाचांच्या सुरावटी आपल्या हौशी फुंकवाद्यांच्या चमूसाठी नव्याने बांधायच्या. चमूचा काही नेम नसे. कधी बासऱ्याच बासऱ्या, कधी नुसते भोंगे. म्हणून बाईंनी प्रत्येक नाच चार ओळींत बसवला आणि प्रत्येक ओळ उंच सुरांच्या वाद्यांना वेगळी, खर्जातल्या वाद्यांना वेगळी लिहून ठेवली.

"चार टाळकी जमली की झालं," त्या ठणकावून सांगत. "कोणीही या, काहीही फुंका!"

वाचनालयाच्या नव्या दालनाच्या उद्घाटनाला ग्रंथपालांनी त्यांना बोलावलं. म्हणाले, "काहीतरी नाजूक वाजवा हं."

आणि नेमक्या त्याच सकाळी बासरीवालीला कळा सुरू झाल्या. तिचा नवरा, बहीण, दीर, सगळेच उंच सुरांची वाद्यं वाजवणारे. अख्खं गणगोत दवाखान्यात पळालं. उरले कोण? ट्युबाचा भलामोठा पितळी भोंगा फुंकणारे बेकरीकाका, बॅसूनची लांबलचक लाकडी पिपाणी फुंकणारे पोस्टमन, बाईंच्या ट्रॉम्बोनवाल्या सासूबाई आणि बाईंचा स्वतःचा क्लॅरिनेट, तोही खर्जातला.

बाई सासूबाईंकडे वळल्या. "आई, आता मुख्य सुरावट कोण वाजवणार?"

"काका वाजवतील," सासूबाई बिनधास्त म्हणाल्या. "तू खालची ओळ धर. तुझा ताल सुटत नाही."

"मी?" काकांनी ट्युबा खाली ठेवला. "ताई, माझ्या वाट्याला आजवर नुसतं धुम धुम आलंय!"

"मग आज हौस फेडून घ्या."

पहिला संथ नाच कसाबसा पार पडला. ग्रंथपालांच्या कपाळावर आठ्या चढल्या. मग आला उड्यांचा नाच. काकांनी गाल फुगवले, डोळे मिटले, आणि त्या अवाढव्य पितळी तोंडातून सुरावट अशी टुणटुणत बाहेर पडली, की जणू हत्तीने दोरीवरच्या उड्या मारायला घेतल्या! पहिल्या रांगेतल्या आजी फिस्सकन हसल्या. पोस्टमनना हसू आवरेना, त्यांच्या बॅसूनमधून भलताच ठसका निघाला. सासूबाईंनी ट्रॉम्बोनची नळी पुढे सारली ती थेट ग्रंथपालांच्या पोटाला! ते टुणकन मागे उडाले, तेही नेमके तालावर. लोकांना वाटलं, या नाचाचं पाऊल हेच. झालं, मधल्या खुर्च्या सरकल्या, आणि सगळं दालन उड्या मारू लागलं.

बाईंना क्लॅरिनेट फुंकता फुंकता हसू फुटत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपण लिहिलेली ओळ असली मस्ती करू शकते, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

नाच संपला तसा एकच कल्ला झाला, "पुन्हा! पुन्हा!"

काका लालबुंद होऊन धापा टाकत होते. "डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "वाटलं तर माझे सगळे दात काढा, पण ही ओळ माझ्याकडून काढू नका."

सासूबाई एव्हाना ग्रंथपालांचा हात धरून दालनाच्या मधोमध पोचल्या होत्या. तिथूनच ओरडल्या, "सूनबाई, सुरू कर गं! या वेळी जरा जोरात!"